तीन गाड्या, एक सुतळी आणि शांताचा उजवा गुडघा

इंझोरीहून निघताना मी तीन वेळा खिसा चाचपला. आधारकार्ड होतं, गुडघ्याच्या गोळ्या होत्या, गाठ मारलेली सुतळी होती. तरी एसटी सुटेपर्यंत जिवाला घोर होता.

आमची मुलगी रंजना नर्स आहे. तिला गाडी घ्यायची होती, तीही उंच बांध्याची, ज्याला एसयूव्ही म्हणतात. एकाच कंपनीच्या तीन तिने निवडल्या होत्या: लहान, मधली आणि सात जणांची मोठी. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगीच कोणाला जाहिरात वाटायची. रंजनाची अट एकच होती. तिची आई, म्हणजे माझी बायको शांता, कोणी न धरता चढली-उतरली पाहिजे.

उजवा गुडघा बिघडल्यापासून शांता दोन वर्षं शिरपूरच्या बहिणीकडे गेली नव्हती. एसटीत चढताना खालून मी ढकलायचो, वरून कोणीतरी ओढायचं. "मले पोत्यावाणी चढवता," म्हणाली, आणि जाणंच सोडलं. घरच्या बाजेवरून मात्र ती सहज उठते. म्हणून मी बाजेची उंची मोजून सुतळीला गाठ मारली होती. सातवी शिकलेला माणूस मी, सेंटिमीटरपेक्षा गाठीवर भरवसा जास्त.

या वेळीही तिला ढकलूनच चढवलं. कारंजा येईपर्यंत ती खिडकीकडे तोंड करून बसली. तुम्ही म्हातारे असाल तर आधारकार्ड जवळ ठेवा, तिकीट अर्धं लागतं. कारंज्याला गाडी बदलून दुपारी धनजला पोचलो. माझा साळा, म्हणजे शांताचा धाकटा भाऊ भीमराव, याच्याकडे मोठी गाडी आहे, ती आधी पाहायची होती.

जयभीम झाला, वांग्याची भाजी आणि भाकर झाली, मग मी सुतळी काढली. सीट गाठीच्या वर चांगली वीतभर!

"भाऊजी, गाडी पाहून राह्यले का वावर मोजून राह्यले?" भीमराव हसला. मग त्याने पुढचं दार उघडलं. "ताई, तू मोठी. पुढं बस."

शांताने पायरीवर उजवा पाय टाकला, तो थरथरला, तिने परत खाली घेतला. "राहू दे. मागून धान्याची पोती चढव, मी नाई."

भीमरावाला मात्र तीच गाडी शोभते. घरात सात माणसं, वावराचा रस्ता कच्चा, बियाण्याच्या थैल्या, वर्षाला चार लग्नं. असं घर असेल तर मोठीच घ्या. पण गल्ली अरुंद असेल तर वळवताना घाम निघेल.

धनजला मुक्काम करून सकाळी एसटीने वाशीमला निघालो. रस्ता बरा होता, तरी समोरून ट्रक आला की माझा पाय आपोआप ब्रेक दाबायचा. रंजना सुट्टी काढून थेट शोरूमवर आली होती. तिथल्या बाई फार गोड बोलत होत्या. त्यांनी लहान गाडीचं पुढचं डावं दार उघडलं, "आजी, मानाने इथे बसा."

सीट गाठीच्या चार बोटं खाली. शांता कशीबशी बसली, पण उठता येईना. शेवटी धरावं लागलं. दोघंच नवरा-बायको, रोज नोकरीवर जाणं-येणं, तरुण गुडघे, अशांना ती लहान गाडी उत्तम. दारात कुठेही मावते, तिघींत स्वस्तही तीच.

मग मधली. सीट बरोबर गाठीवर! मी टाळीच वाजवणार होतो. शांताने पुन्हा उजवा पाय टाकला, हँडल धरलं आणि तिचा चेहरा आवळला. पाय खाली आला.

"आई, मी धरू का?"

"धरू नको म्हणलं ना!"

माझ्या हातात सुतळी तशीच लोंबत राहिली. आता हिला शिरपूर काही दिसत नाही, असं वाटलं.

शांता काठी टेकत गाडीला वळसा घालून उजवीकडे गेली. ड्रायव्हरच्या मागचं दार तिने स्वतः उघडलं. डावा पाय आत, हात हँडलला, आणि बसली. दोन मिनिटांनी उतरलीही. कोणी बोट लावलं नाही.

"बाजेची उंची मोजत बसले," ती मला म्हणाली. "ओट्यावर चढताना कोणता पाय पयले टाकते मी?"

मी सुतळी गुंडाळून खिशात घातली.

मोठ्या माणसाला पुढे डावीकडे बसवायचं, हा आपला मान. पण त्या दारातून चढताना उजवा पाय आधी टाकावा लागतो, आणि तिचा चांगला पाय डावा. लहान गाडीतही उजवीकडून बसवून पाहिलं. बसणं जमलं, उठणं नाही. मोठी तर वीतभर उंचच, मग मधलीच ठरली.

मला नवी काळजी लागली. "रस्त्याच्या बाजूनं उतरून राह्यली ती. मांगून ट्रक आला तर?"

"बाबा, आंधी मी उतरीन, मंग आई. तुमी पुढं गप बसा," रंजना म्हणाली.

तुम्ही गाडी पाहायला जाल तेव्हा ज्याचे गुडघे दुखतात त्यालाच सोबत न्या, आणि चारही दारांतून चढायला लावा. घरी बसून माझ्यासारख्या गाठी मारू नका.

परतीच्या एसटीत मी खालून हात लावला तर शांता हसत म्हणाली, "चढवा. हे शेवटचं पोतं."

गाडी यायला अजून काही आठवडे आहेत. ती वेळेवर येईल का, याचा घोर मला आहेच. शांताने मात्र शिरपूरला फोन करून टाकला: "येऊन राह्यली मी. अंगणात हात द्याले कोणी यायचं नाई. मी उतरली की मंग भेट."

काल दुपारी ती ओट्यावर चढली. डावा पाय आधी, मग उजवा. चाळीस वर्षांच्या संसारात मी ते पहिल्यांदा पाहिलं.