लाल रुमालवाल्यांचा डोंगर

चंद्रपूर स्टेशनात गाडी हलली तेव्हा खिडकीबरोबर चालत बाबा एवढंच म्हणाले, "कुठीही राह्य पोरी, पण कोळशाच्या गावात राहू नोको." उभं आयुष्य त्यांनी कोलियरीत काढलं होतं.

आणि लग्न होऊन मी उतरले ती कोळशाच्याच गावात. माझा नवरा निखिल पुण्याचा. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या एका खाण कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचा. डिपेंडंट व्हिसावर मला नोकरी करता येत नव्हती, म्हणून गावातल्या छोट्याशा म्युझियममध्ये बिनपगारी मदत करायला लागले. ते चालवायचे अर्ल, निवृत्त खाणकामगार. मी त्यांना अर्ल काका म्हणायचे. 'काका'चा अर्थ सांगितला तेव्हा ते खूश झाले होते.

मागच्या डोंगराची गोष्ट त्यांनीच सांगितली. शंभरेक वर्षांपूर्वी खाणमालक युनियन करू देत नाहीत म्हणून हजारो खाणकामगार गळ्यात लाल रुमाल बांधून, बंदुका घेऊन त्या डोंगरावर चालून गेले. वर मालकांच्या बाजूच्या लोकांनी मशीनगन लावल्या होत्या. विमानातून बॉम्बही टाकले. शेवटी सरकारी फौज आली तेव्हा कामगारांनी हत्यारं खाली ठेवली. त्यांच्यातले कितीतरी पहिल्या महायुद्धात त्याच फौजेतून लढून आलेले. तरी देशद्रोहाचे खटले त्यांच्यावरच भरले गेले. काकांचे आजोबा त्या मोर्चात होते. मरेपर्यंत त्यांनी घरात त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

त्या रविवारी फोनवर मी बाबांना पहिल्यांदाच त्यांच्या कोलियरीतल्या जुन्या संपाबद्दल विचारलं. ते म्हणाले, "आमच्याजवळ बंदुका नव्हत्या पोरी. गोटे होते." कोण पडलं, कुणाला पोलिसांनी फरफटत नेलं, सगळं बोलले. आईलाही त्यातलं अर्धं ठाऊक नव्हतं.

पुढे निखिलच्या कंपनीने कोळशासाठी तोच डोंगर वरून कापायची परवानगी मागितली. जनसुनावणी ठरली. निखिल म्हणाला, "आपला व्हिसा त्यांच्या हातात आहे, यार. तू नको बोलूस." त्याचं चुकत नव्हतं. तरी मी गेले आणि बोलले. म्हटलं, माझे वडील खाणीत होते. इथली लढाई शाळेत कुणी शिकवत नाही. आता डोंगरही नेलात, तर ती झाली होती हे कोण मानेल?

मागून एकजण उठून म्हणाला, "आम्हाला काम हवंय. तू तुझ्या घरी जा."

तो अर्ल काकांचा मुलगा होता. काका माझ्या शेजारीच बसले होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

परवानगी मिळाली. म्युझियम बंद पडलं. निखिलचा व्हिसा कंपनीने रिन्यू केला नाही, आणि जर्सी सिटीत नोकरी मिळेपर्यंत तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. अजूनही त्यात फारसा फरक नाही. इथल्या मराठी मंडळात कुणी विचारलं, आधी कुठे होतात, की तो विषय बदलतो.

आणि माझ्याबरोबर कोलियरीच्या कॉलनीत वाढलेले तुम्ही सगळे म्हणता, परत ये. कुठे येऊ? आपल्या क्वार्टरांच्या रांगा पाडल्या. खुली खाण तिथवर सरकली. बाबा चंद्रपुरात भाड्याच्या खोलीत राहतात. कोळशाच्या वर जे काही असतं, त्याला खाणवाले तिकडे आणि इकडे एकच शब्द वापरतात: ओव्हरबर्डन. नुसतं ओझं. ते आधी हटवायचं असतं. तुझं घर कुठलं, असं कुणी विचारलं की मला खाणीच्या कडेला टाकलेले मातीचे दोन ढीग दिसतात, एक तिकडचा, एक इकडचा.