शाळेची घंटा आणि माझा सदरा

कामरगावच्या अलीकडे आमचं गाव. तिथं कुणाच्या घरी काय शिजतं ते ग्यानबाला विचारावं, एवढी माझी कीर्ती. पण त्या दिवशी पौर्णिमाच्या शिलाईच्या दुकानात माझंच शिजलं.

माझा सदरा अर्धा शिवून बाजूला, आणि बाई पुस्तक वाचत बसलेली. तिची निकिता आठवीत आहे, तिनं शाळेतून आणलेली रहस्यकथा. शाळकरी पोरांवर खोटा आळ येतो, अशी.

"पोरीचं पुस्तक वाचून राह्यली? कशी हाय गोष्ट?"

"निम्मी झाली. राग येऊन राह्यला."

"काहून?"

"यातले पोरं नशीबवान हायेत, आबा. त्यांच्यावर आळ आला तं खरा चोर शोधाले निघाले सारे. आमच्यावर आला तवा कोणी शोधलंच नाही. तुमी तं घंटेचा आवाज काढून दाखवायचे पारावर."

मी बाकड्यावर टेकलो.

बावीस वर्षांपूर्वी शाळेची पितळी घंटा गेली. त्या दिवशी झाडलोटीची पाळी पौर्णिमा आणि प्रसेनजितची, दोघं बौद्ध वस्तीतली. हेडमास्तर जगदेव गुरुजींनी परिपाठात दोघांना पुढं उभं केलं आणि वस्तीचंही नाव घेतलं, घेऊ नये तसं. आठ दिवसांनी घंटा परत जागेवर दिसली, तर गाव म्हणालं, भिऊन आणून ठेवली. परत आली, हाच पुरावा. प्रसेनजितनं शाळा सोडली. पौर्णिमा दहावीपर्यंत मान खाली घालून बसली. आता पोरं निकिताला 'घंटाचोराची' म्हणतात.

घंटा होती मारुतीच्या देवळात. सप्ताहाला शाळेच्या सतरंज्या, बादल्या न्यायची आमची रीत. गुरुजी म्हणाले, लागंल ते न्या. त्या ढिगात घंटाही माझ्याच बैलबंडीतून गेली. पंगत बसवायला तीच वाजायची, देवळाचीच समजून कुणी निरखली नाही, आणि मी भात वाढायचो. सप्ताह संपला, तशी मीच ती परत टांगली. गुरुजींना कळलं, पण बोलले असते तर त्या दोन पोरांची माफी मागावी लागली असती. मी बोललो नाही, कारण पारावर सांगायला चोरीची गोष्ट झकास जमली होती.

हे सारं मी तिला तिथंच सांगून टाकलं. ती ओरडली नाही. सदऱ्याची घडी घातली आणि मशीनच्या खणात ठेवून खण लावला.

"मले काहून सांगता? मी चोरी केली नाही हे मले माहीतच हाय. जिथं नाव घेतलं तिथं सांगा. सदरा शनिवारी न्या, परिपाठ झाल्यावर."

गुरुजी आता वाशीमला लेकाकडे असतात. फोन लावला.

"ग्यानबा, झालं गेलं. आता कायले उकरता?"

"तुमचं झालं, गुरुजी. तिच्या पोरीले आजबी चिडवून राह्यले."

त्यांनी फोन ठेवला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आग नुसती त्यांच्यावर काढावी, तर बंडी कुणाची होती?

शनिवारी जुन्या, उसवलेल्या सदऱ्यात परिपाठाला उभा राहिलो. मला पाहून पोरं आधीच हसायला लागली. मी नकला करतो हे त्यांना ठाऊक. म्हणालो, "घंटा कोणी चोरली नव्हती. मी नेली, मीच आणली. पौर्णिमा आणि प्रसेनजितवर आळ आला तवा मले सारं माहीत होतं." हसू थांबलं. निकिता रांगेत सरळ उभी होती. पौर्णिमा फाटकाशी होती. शेवटचा शब्द ऐकून दुकानाकडे वळली.

मागोमाग गेलो. तिनं सदरा पुढं केला. घालून पाहिला, तर गळ्याशी गुंडीच नाही.

"विसरली का व?"

"नाही. गुरुजी बी त्याच जागी येऊन बोलले का, मंग लावीन."

मी तसाच, गळा उघडा टाकून, वाशीमच्या एसटीत बसलो.