जिमखान्याची सही

आमचे जिमखान्याचे सर माझ्या खिडकीशी आले की आधी चपलेच्या टोकाने फरशीवर एक रेघ ओढायचे, रेघेच्या अलीकडे नीट उभे राहायचे आणि मगच बोलायचे. फरशीवर काही उमटायचं नाही, पण त्यांना ती दिसत असावी. मी स्कूटी घ्यायचं काढलं तेव्हा त्यांनी विचारलं, "ताई, दम किती हाय?" माझ्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हाही हेच. नवीन प्राचार्यांनी सगळ्या इमारती एका उन्हाळ्यात रंगवायचं ठरवलं, तर त्यांनाही हेच विचारून आले. प्राचार्य रागावले, आणि रंग अर्ध्या भिंतीवर संपला तेव्हा जास्तच रागावले.

हा कबड्डीचा दम. चढाईला गेलेल्याने एका श्वासात गडी मारून मधल्या रेघेपर्यंत परत यायचं असतं. ते पोरांना सांगायचे, "जायला समद्यांनाच येतंय. परत यायला दम लागतो."

आमचं कॉलेज नगरहून भिंगारकडे जाताना लागतं. तिथे विद्यार्थी विभागाच्या खिडकीमागे मी सतरा वर्षं बसते आहे. तुम्ही कॉलेज सोडलं असेल तर तो 'नो ड्यूज'चा कागद तुम्हीही नाचवला असेल. ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृह, जिमखाना, सगळीकडच्या सह्या झाल्या की मग कॉलेज सोडल्याचा दाखला, आणि दाखला नेला की नाव कमी. जिमखान्याची सही हे करायचे. खरं तर ते जिमखान्याचे शिपाई. पण क्रीडाशिक्षकाची जागा वर्षानुवर्षं रिकामी, त्यामुळे मैदानावर फक्कीने पांढऱ्या रेघा मारण्यापासून संघ विद्यापीठात नेण्यापर्यंत सगळं यांच्याच अंगावर. पोरं त्यांना सर म्हणायची. मीही म्हणायचे. पगारपत्रकात मात्र ते शिपाईच होते.

त्या जागेसाठी दोनदा जाहिरात निघाली. दोन्ही वेळा मुलाखतीला आलेल्यांना पाणी यांनीच नेऊन दिलं. यांना अर्ज करता आला नाही, कारण पदवी नव्हती. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला एका साखर कारखान्याच्या संघाने त्यांना नोकरी देऊन उचललं होतं. चार हंगाम गाजवले, मग गुडघा गेला, मग कारखान्याने संघच मोडला. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि तेही फक्कीची पिशवी झटकता झटकता. मला इतकं वाईट वाटलं, की उगाच त्यांच्यावरच खेकसले, पिशवी बाहेर झटका म्हणून.

तर विकासची गोष्ट. पाथर्डीकडचा पोरगा, आई-बाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जाणारे. अंगाने शिडशिडीत, पण डावीकडून चढाईला गेला की समोरचे सातही जण मागे सरकायचे. दुसऱ्या वर्षाला असताना त्याची निवड झाली. ती टीव्हीवर दिसते ना, लिलाव करून खेळाडू घेणारी कबड्डी, तिच्यातल्या एका संघाने त्याला नव्या पोरांच्या यादीत घेतला. लगेच शिबिराला या, नंतर नोकरीचंही बघू, मूळ दाखला घेऊन या, असं म्हणाले. अख्ख्या कॉलेजने पेढे खाल्ले. सरांनी दोन खाल्ले.

दुसऱ्या दिवशी विकास नो ड्यूजचा कागद घेऊन आला. सगळ्या सह्या होत्या, जिमखान्याची नव्हती. सर म्हणत होते, गुडघ्याला घालायच्या नी-कॅपची जोडी नेली होती, एकच परत आली. विकास म्हणाला, मी दोन्ही आणून दिल्यात. सर म्हणाले, न्हाई. पोराने बाजारातून नवी कोरी जोडी आणली. सर म्हणाले, नवी नको, तीच आण.

चार दिवस हे चाललं. शिबिर पाच दिवसांवर आलं आणि माझं डोकं फिरलं. मी तडक जिमखान्यात गेले. म्हटलं, सर, एका नी-कॅपपायी पोराच्या पोटावर पाय देताय, लाज वाटत नाही? आणि रागारागाने त्यांच्या टेबलाचा खण ओढला, तर ती दुसरी नी-कॅप आतच. घडी घालून, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

मी सतरा वर्षांत कागद गहाळ करणारे पुष्कळ पाहिले आहेत. पण खोटं धरून बसलेला हा माणूस मला नवा होता. ते खाली बघत म्हणाले, "सही केली की त्यो गेला, ताई. मग त्याला परत आणायला माज्याकडं काय हाय?"

मी म्हटलं, मग आधीच्या त्या पुणतांब्याच्या पोराला कशी सही दिलीत? तोही दुसऱ्या वर्षालाच खेळायला गेला. आज त्याचा फोटो तुम्हीच येईल त्याला दाखवता.

"त्याच्या बापाचा बारा एकर बागाईत हाय. त्यो पडला असता तरी घरच्या उसात पडला असता. ह्याला पडायला जागा कुठाय?"

तरी मी म्हटलं, तो निर्णय त्याच्या घरच्यांचा आहे, तुम्ही कोण? हे बोलले आणि जीभ चावली.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी विकासची आई आली. उसाच्या फडावरच्या कोपीवरून पहाटेच निघून दोन एसटी बदलून आली होती. हाताला उसाच्या पाल्याने कापलेल्या बारीक रेघा. खिडकीशी नाही, सरळ मैदानावर गेली. मी मागोमाग. सर मधली रेघ मारत होते. ती शांतपणे म्हणाली, "सर, ऊस तोडायला आमाला कुनी पदवी मागितली न्हाई. मग ऊस सोडायलाच कशाला लागती?"

सरांच्या हातातली फक्की तशीच सांडत राहिली. मग ते खाली बसले, पँटचा पाय गुडघ्यापर्यंत सारला आणि तिला गुडघा दाखवला. वाकडा, शिवणीचे व्रण असलेला. म्हणाले, "मीबी सोडलं हुतं. चार वर्सं लई झकास गेली. पाचव्या वर्सी परत आलो तर रेघच न्हवती."

तिने वाकून गुडघा नीट पाहिला. मग म्हणाली, तुमचं खरं हाय, पन आमच्या दारात असं कुनी दुसऱ्यांदा बोलवायला येत न्हाई. दोघंही बरोबर होते हो! त्यातच तर पंचाईत होती.

तोड सरांनीच काढली. विकासला बोलावलं, खणातली नी-कॅप त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "माजं चुकलं. ही मीच दडवली हुती. आता ही तू घिऊन जा. शिबिराला जा, लिलावाला जा, पन नाव हितंच ऱ्हाईल. पदवी झाली की ही जमा करायला यायचं. तवर सही न्हाई."

मूळ दाखल्याशिवाय कसं, तर ते काम माझं. बोनाफाईड, साक्षांकित प्रत आणि प्राचार्यांचं पत्र असं बाड मी तयार केलं. संघाच्या व्यवस्थापकाशी सर माझ्याच फोनवरून अर्धा तास बोलले. शेवटी समोरचा माणूस थकला असणार. कागद चालले.

पुढची तीन वर्षं या माणसाने मला जो ताप दिला, तो विचारू नका. विकासच्या परीक्षेच्या फॉर्मची तारीख मला माहीत होण्याआधी त्यांना माहीत. खेळाडूंच्या हजेरीची सवलत कुठल्या परिपत्रकात आहे, हे मला त्यांनी शोधायला लावलं. मराठीच्या बाईंकडून नोट्स घ्यायच्या, झेरॉक्स करायच्या, पार्सलने शिबिराच्या गावी पाठवायच्या. विकास पहिल्या हंगामात चमकला. आम्ही स्टाफरूममध्ये मोबाईलभोवती गर्दी करून बघितलं. त्याने सामना जिंकून दिला तेव्हा सरांनी एवढंच विचारलं, अर्थशास्त्राचा पेपर कधी आहे. दुसऱ्या हंगामात पोराचा खांदा निखळला, तिसऱ्याला लिलावात नावच पुकारलं नाही. त्या वेळी विकास त्यांचा फोन उचलेना. सर त्याच्या गावी गेले, दोन दिवस त्याच्या घरी राहिले आणि राहिलेल्या विषयाच्या पेपरला त्याला बरोबर घेऊन आले. पेपर सुटेपर्यंत फाटकाशी उभे होते.

मी एकदा विचारलं, तो आधीच सगळं सोडून पूर्ण वेळ खेळला असता तर कदाचित टिकला असता, असं नाही वाटत? ते म्हणाले, "वाटतंय की. रोज वाटतंय." आणि नोट्सचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवून गेले.

गेल्या वर्षी मे अखेर ते निवृत्त झाले. निवृत्त होणाऱ्यालाही नो ड्यूज लागतो. सगळ्या सह्या घेऊन ते खिडकीशी आले, रेघ ओढली, कागद सरकवला. जिमखान्याची जागा मोकळी. मी म्हटलं, ही तुमचीच की, करा सही. म्हणाले, एक नी-कॅप यायची हाय. मी हसले. ते हसले नाहीत. जुलैपर्यंत त्यांचे सगळे कागद माझ्या कपाटात अडून पडले, आणि मी रोज त्यांना मनात शिव्या घालत होते.

निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी विकास आला. खांदा अजून थोडा तिरका धरत होता. निवृत्त झाले तरी सर रोजच्यासारखे मैदानाच्या कडेला बसले होते. त्याने गुणपत्रिका आणि नी-कॅप दोन्ही पुढे केल्या. सरांनी आधी नी-कॅप घेतली, शिवण ओढून तपासली, आणि मग गुणपत्रिका वाचली. बोटाने, ओळीओळीवरून, नाव, विषय, शेरा. मग माझ्याकडून स्वतःचा कागद मागवला आणि विकाससमोर धरला. "हितं जिमखान्याची सही कर."

विकास म्हणाला, सर, मी कसा?

"पदवीवाल्याची सही लागती रे तितं. इतकी वर्सं माजी चालवून घेतली."

त्याने केली. अक्षर बिघडलं. नियमात ती सही बसत नाही. मी शिक्का मारला.

सर भंडारदऱ्याकडे त्यांच्या गावी गेले. क्रीडाशिक्षकाची जागा अजून रिकामी आहे. विकास त्यासाठी लागणारा पुढचा कोर्स करतोय. परवा फॉर्म भरायला आला तेव्हा खिडकीशी थांबला, आणि बोलण्याआधी त्याने बुटाच्या टोकाने फरशीवर रेघ ओढली. मी त्याचा फॉर्म आत घेतला.