कमलच्या बारा सळ्या

लालबागच्या मिरची गल्लीत कमल घाडी डंकावर मसाला कुटून देते. तिचा धाकटा भाऊ रामदास मात्र कोकणात गावाला, डोंगराच्या पायथ्याशी राहतो. दोन वर्षांपूर्वी डोंगरावरची झाडं तोडून रस्ता काढला आणि पावसाळ्यात वहाळाचं पाणी लाल होऊ लागलं. गावात पाहणीला आलेल्या कृषी महाविद्यालयाच्या मुलांनी तिला शिकवलं: लोखंडी सळी रोवा, जमिनीलगत रंगाची खूण करा. खुणेखाली सळी जेवढी उघडी पडेल, तेवढी माती गेली.

कमलने भर मे महिन्यात गावी जाऊन घरामागच्या उतारावर स्वतः बारा सळ्या ठोकल्या. लोक हसले, "मुंबयकारीण डोंगर मोजता!"

रामदास दर रविवारी फोनवर मापं सांगायचा. या जुलैत मात्र त्याचा फोन मंगळवारीच आला. गिऱ्हाईक समोर होतं.

"आक्का, वरची सळी चार बोटां उघडी पडली."

"रविवारी किती व्हती?"

"एक. आणि आंब्याकडे भेग पडली आसा."

"बोट जाता?"

"मूठ जाता."

"रामदासा, आत्ताच्या आत्ता घर सोड. सगळ्यांका शाळेत ने."

"म्हशीक खय नेव? पाऊस कमी झालो की बगू."

तिने फोन ठेवला आणि सरपंच अजितला लावला. मग भावजयीला. "कौसल्या, तो आयकाचो नाय. तू पोरांका घेऊन नीघ, शेजाऱ्यांका हाक मार."

त्यानंतर फोन लागेचना. मिरच्या डंकात तशाच पडून होत्या. तिने वीस वेळा नंबर फिरवला. दरवेळी 'संपर्क होऊ शकत नाही' म्हणणारी तीच बाई बोलायची. रामदास अजून गोठ्यातच असेल, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना.

चार वाजता कौसल्याचा फोन आला. ती नुसती रडत होती.

"रामदास खय आसा?" कमल ओरडली.

"हय आसत. म्हशीचा दावा कापूक गेल्ले. मागसून डोंगर इलो. म्हस गेली, घर गेला."

पायथ्याच्या सातही घरांतली माणसं शाळेत सुखरूप होती. कमल पोत्यावर बसली.

नंतर रामदास महिनाभर तिच्याकडे राहिला. डंक सुरू झाला की, डोंगर आला तेव्हाच्या जमिनीसारखी खालची फरशी हादरे, आणि तो उठून रस्त्यावर जाऊन उभा राही. कमल त्याला हाक मारत नसे. तिलाही तो हादरा आता सोसवत नव्हता.