गंगापूर रोडमार्गे लुंबिनी

नाशिक न सोडता उत्तर प्रदेशात इतका पायी भटकलेला माणूस आमच्या वरच्या मजल्यावरच्या साहेबांखेरीज दुसरा झाला नाही आणि होणारही नाही. गाझीपूर, मऊ, देवरिया, गोरखपूर ही गावं त्यांनी गंगापूर रोडवर पालथी घातली होती, तीही एकदा नव्हे, तीनदा. सोमेश्वरच्या फाट्याशी ते चहा प्यायला थांबत, पण विचारलं तर सांगत, "आत्ता मी मऊच्या अलीकडे आहे." सांगताना चेहऱ्यावर हसू नसे. कपाळावरचा घाम खरा असे आणि बुटांवरची धूळही खरी असे, त्यामुळे ऐकणाऱ्याला क्षणभर आपणच चुकून मऊला आलोय की काय असं वाटे.

साहेब म्हणजे भूमापन खात्यातले निवृत्त मोजणीदार. मूळचे नामपूरकडचे. पस्तीस वर्षं त्यांनी जिल्ह्यातली शेतं मोजली, भावाभावांच्या भांडणात बांध कुठून जातो ते दाखवलं, आणि नव्वदच्या दशकात निवृत्त होऊन गंगापूर रोडच्या आमच्या कॉलनीत राहायला आले. आल्यानंतर महिन्याभरात त्यांनी जाहीर केलं, की सारनाथहून लुंबिनीला पायी जायचं. जिथं तथागतांनी पहिला उपदेश दिला तिथून निघायचं, कुशीनगरला वंदना करायची, नेपाळची हद्द ओलांडायची आणि जिथं ते जन्मले तिथं पोचायचं. अंतर चारशे किलोमीटरला थोडं कमी. कॉलनीतले लोक म्हणाले, वा, कधी निघताय? साहेब म्हणाले, "तयारी झाली की." या तयारीला पुढं नऊ वर्षं लागली.

मी तेव्हा बँकेत नोकरीला होतो आणि पोट सुटायला लागलं होतं. एवढ्या भांडवलावर साहेबांनी मला सोबती नेमलं. पहाटे साडेपाचला माझ्या दारावर तीन टकटका पडत. चौथी कधी पडली नाही, कारण तीन ऐकूनही जो उठत नाही तो माणूस चालण्याच्या लायकीचा नाही असं त्यांचं मत होतं. चालताना ते बोलत नसत. ओठ हलत, पण ते पावलं मोजणं असे. त्यांचं पाऊल अडीच फुटांचं, हे खात्याच्या प्रशिक्षणात तरुणपणीच ठरलेलं होतं. किलोमीटरला तेराशे बारा पावलं. शंभर पावलं झाली की डाव्या खिशातला एक चिंचोका उजव्या खिशात जाई. घरी आल्यावर चिंचोके मोजून आकडा फील्डबुकात चढे आणि मग भिंतीवरच्या नकाशात तांबड्या पेन्सिलीची रेघ तेवढी पुढं सरके. हा नकाशा त्यांनी शाळेचा अॅटलास आणि रेल्वेचं वेळापत्रक समोर ठेवून स्वतः काढला होता. त्यात रस्त्यातले ओढेसुद्धा होते. ते कुठून आणले हे मी कधी विचारलं नाही.

या नकाशामुळं एकदा मोठाच घोटाळा झाला. नामपूरहून त्यांच्या मेव्हण्यांचा फोन आला. तो साहेबांच्या बायकोनं घेतला. त्यांना सगळी कॉलनी मावशी म्हणे. साहेब कुठायत असं मेव्हण्यांनी विचारलं, आणि मावशींनी भिंतीवरच्या नकाशाकडं बघून आपल्या अहिराणीत सरळपणे सांगितलं, "त्या देवरियाले गयात." मेव्हण्यांनी विचारलं, कशानं गेले? "पायी." एवढं झाल्यावर मावशींनी दूध उतू जातंय म्हणून फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मेव्हणे, त्यांचा थोरला भाऊ आणि गावातले एक जाणते गृहस्थ सटाण्यामार्गे पहिल्या एसटीनं आमच्या दारात हजर. म्हातारा माणूस कोणाला न सांगता घर सोडून उत्तरेत चालत गेला, त्याला परत कसा आणायचा यावर जिन्यातच खल सुरू झाला. तेवढ्यात साहेब फाटकातून आत आले आणि पाहुण्यांना म्हणाले, "अरे वा, या या. मी आत्ताच देवरिया सोडलं." जाणत्या गृहस्थांनी मेव्हण्यांकडं पाहिलं आणि डोक्यावरून एक बोट गोल फिरवलं.

मेव्हणे रागावून गेले तरी कांदे पाठवायचे थांबले नाहीत, आणि त्या कांद्यांचा साहेबांनी वेगळाच उपयोग केला. वाटेत पाठीवर सहा किलोचं ओझं असणार, म्हणून ते रोज पाठपिशवीत सहा किलो कांदे भरून चालत. उन्हाळ्यात ठीक होतं. पावसाळ्यात कांद्यांना कोंब फुटले आणि पिशवीच्या तोंडातून हिरवी पात डोकावू लागली. मागून चालताना मला तो माणूस कमी आणि वाफा जास्त वाटे. एका बंगल्यातल्या बाईंनी त्यांना थांबवून भाव विचारला. साहेबांनी सांगितलं, हे विकायचे नाहीत, हे सामान आहे. बाईंना वाटलं, म्हातारा भाव वाढवून घेतोय. त्या फाटकातून हलेनात. शेवटी साहेबांनी त्यांना दोन किलो कांदे तसेच देऊन टाकले, रस्त्याकडेचा एक धोंडा उचलला, हातात तोलून पाहिला, पिशवीत घातला आणि पुढं चालू लागले. ओझं कमी झालेलं चालणार नव्हतं.

हिंदीचा सराव हा आणखी एक छळ. चौकात भेळेची गाडी लावणारा एक जण देवरियाकडचा निघाला, तेव्हापासून साहेब त्याला गुरुस्थानी मानू लागले. रोज संध्याकाळी त्याच्यापुढं उभे राहून विचारत, "भैयाजी, यह रास्ता कसया को जाता है क्या?" कसया म्हणजे कुशीनगरचंच जुनं नाव. एकदा त्यांनी त्याला नकाशा उलगडून दाखवला आणि गावाकडचा कुठला रस्ता पायी बरा, असं विचारलं. त्यानं हात पुसले, नकाशाकडं नीट पाहिलं आणि नम्रपणे म्हणाला, "बाबूजी, हम तो ट्रेन से जाते हैं." घरी आल्यावर साहेब मला म्हणाले, "स्वतःच्या गावाचा रस्ता माहीत नाही लोकांना."

एवढं सगळं ज्यासाठी, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. लेण्यांच्या पायऱ्या चढून आम्ही वर दम खात बसलो होतो. सगळं गाव पांडवलेणी म्हणे, ते मात्र कटाक्षानं त्रिरश्मी म्हणत. खाली शहर पसरलेलं होतं. ते म्हणाले, "पस्तीस वर्षं चाललो. पण दुसऱ्याच्या बांधावरून. आमचा स्वतःचा एक गुंठा नाही, बापाचाही नव्हता. मोजायला गेलो की शेताचा मालक विचारायचा, तुमचं शिवार कुठलं? मी सांगायचो, लांब आहे. आता पाय चालतायत तोवर एक रस्ता आपला म्हणून चालायचाय. अख्खा. पहिल्या पावलापासून शेवटच्यापर्यंत." त्यांची चेष्टा करायचा माझा शिरस्ता होता, पण त्या दिवशी मी केली नाही. पायऱ्या उतरताना त्यांनी आधाराला माझा खांदा धरला होता, हेही मी मुद्दाम लक्षात आणून दिलं नाही.

कागदावर ते तीनदा लुंबिनीला पोचले. प्रत्येक वेळी मावशींनी पातेलंभर खीर केली आणि कॉलनीत घरोघर वाटली. लोकही भल्या मनाचे, खीर खाऊन अभिनंदन करत. तिसऱ्या खिरीनंतर साहेबांनी सांगितलं, तयारी झाली, या दिवाळीनंतर निघणार. आणि त्याच पावसाळ्याच्या अखेरीस गंगापूर रोडला किलोमीटरचे नवे दगड बसले.

पहिल्याच दिवशी साहेब दुसऱ्या दगडापाशी थांबले आणि म्हणाले, "दगड चुकलाय." दोन दगडांमध्ये तेराशे बाराऐवजी त्यांची सोळाशे चाळीस पावलं भरली होती. दुसऱ्या दिवशी पुढचे दोन दगड, तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. साहेबांना मनापासून आनंद झाला. सरकारी माणसाला दुसऱ्या खात्याची चूक सापडली की जो होतो तसा. त्यांनी रस्तेवाल्यांच्या नावानं दोन पानी अर्ज लिहिला आणि पुरावा हवा म्हणून रविवारी मला घेऊन टेप लावायला निघाले. तीस मीटरची टेप. एक टोक माझ्याकडं, एक त्यांच्याकडं. रस्त्याच्या कडेनं आम्ही ओणवे होत होत मोजत गेलो. येणारे जाणारे रस्तारुंदी आली का म्हणून काळजीनं विचारत होते. तेहेतिसाव्या खेपेनंतर दहा मीटर उरले, आणि दहाव्या मीटरला माझं बोट दगडाला टेकलं. दगड जिथं हवा तिथंच होता.

मी म्हणालो, टेप ताणली असेल. त्यांनी मान हलवली. मग दगडापासून त्यांनी दहा पावलं टाकली, नेहमीसारखी, आणि मला टेप धरायला लावली. वीस फूट. अडीचाचं पाऊल दोनाचं झालं होतं. कधी झालं, कुणाला माहीत. ते जागच्या जागी उभे राहून स्वतःच्या बुटांकडं बघत राहिले. मग टेप गुंडाळली, तिच्यावरची माती रुमालानं पुसली आणि म्हणाले, "म्हणजे तिन्ही वेळा मी गोरखपूरच्या जरा पुढं थांबलो. नेपाळात पाऊलही टाकलं नाही. तीनदा तुम्हाला चुकीची खीर खाऊ घातली."

पुढचे चार दिवस माझं दार वाजलं नाही. मला झोपायला मिळालं, पण झोप लागली नाही. वर गेलो तर भिंतीवरचा नकाशा उतरवलेला होता आणि साहेब खिडकीशी बसले होते. मोजणीदाराची मोजणी चुकली होती, आणि दुरुस्त करायला गुडघे तरुण नव्हते. मी काहीबाही बोललो. मावशी कांदा चिरत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "चारशे नयी ते नयी. जितलं व्हई तितलं चाला. मी बी येसू." साहेब म्हणाले, तुझी तयारी कुठाय? त्यावर मावशींनी विळी आडवी केली, नवऱ्याकडं नुसतं पाहिलं, आणि पातेलं उचलून आत गेल्या. जन्मभर डोक्यावर पाणी आणि सरपण वाहिलेल्या बाईला हा प्रश्न विचारण्यात अर्थ नव्हता हे साहेबांनाही कळलं असावं. पाचव्या दिवशी तीन टकटका पडल्या. जिन्यातच त्यांनी सांगितलं, "सारनाथ रद्द. कुशीनगरपासून निघणार. एकशे पंच्याहत्तर किलोमीटर, पण एकूण एक पायी. पाऊल दोन फुटांचं धरलंय."

दिवाळीनंतर दोघं गेले आणि महिन्याभरानं परत आले. काळवंडलेले, वाळलेले. विहारात सत्कार ठेवला होता. अध्यक्ष उत्साहाच्या भरात म्हणाले, आपल्या साहेबांनी चारशे किलोमीटर पायी चालून इतिहास घडवला. साहेब गळ्यातल्या हारासकट उभे राहिले. "दुरुस्ती करून घ्या. एकशे पंच्याहत्तर. पैकी एकशे सहासष्ट पायी, शेवटचे नऊ सायकलरिक्षानं." आणि खाली बसले. टाळ्या पडल्या, पण हसूही फुटलं. नऊ वर्षं कांदे वाहून शेवटी रिक्षा, हा विनोद कॉलनीला पुढं बराच काळ पुरला. मीही तो केला, त्यांच्या तोंडावर केला. साहेब म्हणत, "हो, रिक्षा केली खरी." का केली ते सांगत नसत. मला वाटलं, गुडघ्यांनी दगा दिला.

काही वर्षांनी मुलानं दोघांना पुण्याला बोलावून घेतलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी वर गेलो. मावशी खाली बायकांचा निरोप घेत होत्या. खोलीत नुसती खोकी होती, आणि मला एकदम फार एकटं वाटलं. तसं मी बोललोही. तेव्हा साहेब आपणहून म्हणाले, "तुला ते रिक्षाचं सांगायचं राहिलं."

"तिच्या टाचा फुटल्या होत्या. रक्त येत होतं, दोन दिवस सांगितलं नाही तिनं. नऊ किलोमीटर उरले तेव्हा रस्त्याच्या कडेला बसली. म्हणाली, तुम्ही चाला, तुमनं इतला वरीसनं काम शे, मी रिक्षामा येसू. आणि भाऊ, मी निघालो. खरं सांगतो, निघालो. शंभर पावलं गेलो असेन. मागं वळून पाहिलं तर ती एका रिक्षावाल्याला काही सांगत होती आणि त्याला तिची भाषा कळत नव्हती. हातानं पुढं दाखवत होती. माझ्याकडं. मग परत आलो नि तिच्या शेजारी बसलो."

ते खिडकीबाहेर बघत होते. "लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. तोवर आम्ही असे शेजारी शेजारी बसून कुठं गेलोच नव्हतो. एसटीत ती बायकांत, मी पुरुषांत. वाटेनं मी पुढं, ती मागं. त्या रिक्षात जागाच एवढीशी. हादरे बसत होते म्हणून तिनं माझा हात धरला, तो सोडला नाही. दोन्हीकडं पिवळी मोहरी होती. उतरताना काय म्हणाली माहितीय? म्हणाली, रस्ता लवकर सरी गया."

खालून मावशींचा आवाज येत होता.

"नऊ किलोमीटर पुरते होते रे, मी दगड बघत होतो," साहेब म्हणाले. "पण मलासुद्धा तसंच वाटलं."