वस्तादाच्या हातची अंडी

ती पडदे शिवायची त्या कारखान्यात तिच्या नवऱ्याला सगळे ‘वस्ताद’ म्हणूनच ओळखायचे. चौकातल्या चायनीज हॉटेलात तो मोठ्या आचेवर कढई खेळवायचा. पगार झाला की तिच्या मैत्रिणी तिथे जाऊन एग फ्राइड राइसवर ताव मारून यायच्या.

“तुझी तर रोजच चंगळ असेल, बाई!” त्या म्हणायच्या.

ती हसून विषय बदलायची. खरं तर घरी त्याने कधी साधं अंडंही उकडलं नव्हतं. “दिवसभर आगीपुढे उभा असतो, घरी तरी मला माणसासारखं बसू दे,” म्हणत तो पाय पसरायचा. कधीमधी उरलंसुरलं डब्यात घालून आणायचा, तेही गार, तेल थिजलेलं.

मग त्याच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. गाठ गेली आणि तिच्याबरोबर आवाजही गेला. हॉटेलात कढईपुढे दुसरा माणूस उभा राहिला आणि वस्ताद खिडकीपाशी खुर्चीत बसून राहू लागला. मऊ, सहज गिळता येईल तेवढंच द्यायला डॉक्टरांनी सांगितलं होतं. ती कामावरून धापा टाकत यायची, भाज्या शिजवायची, वाटायची, गाळायची. तो दोन चमचे घेऊन तोंड फिरवायचा. सदरा अंगावर दिवसेंदिवस मोठा होत चालला होता.

एकदा त्याने एक अंडं तिच्या हातात दिलं आणि बोटं वर नेत वाफेची खूण केली. तिने अंडी खसाखसा फेटली, पाणी घातलं, वाटी उकळत्या पाण्यात ठेवली. झाकण काढलं तर अंड्याला भोकंच भोकं पडलेली, कडेने पाणी सुटलेलं. त्याने चमचा न लावताच वाटी बाजूला सारली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्यांदा सारली तेव्हा मात्र तिचा तोल गेला.

“अहो, दिवसभर मशीनवर मान मोडून येते मी! एवढे नखरे असतील तर उठा आणि करा तुम्हीच! जन्मभर जगाला खाऊ घातलंत, मला कधी एक घास तरी केलात?”

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. समोरच्याला उलट बोलता येत नव्हतं.

तो भिंतीला धरून उठला. ओट्याला पोट टेकवून उभा राहिला. अंडी फोडून हलक्या हाताने ढवळली, फेस येऊ दिला नाही. कोमट पाणी मिसळून चहाच्या गाळणीतून गाळून घेतलं. वाटीवर ताटली झाकून ती उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवली, गॅस अगदी बारीक केला आणि पातेल्याच्या झाकणाखाली चमच्याचा दांडा सरकवून वाफेला वाट करून दिली. शेवटी वरून सोया सॉसचे चार थेंब आणि कांद्याची पात. वाटीत एक सुरकुतीही नव्हती.

वाटी त्याने तिच्यापुढे ठेवली.

“आधी तुम्ही घ्या.”

त्याने मान हलवली आणि चमचा तिच्या हातात दिला. तिने पहिला घास घेतला, तो जिभेवरच विरला.

“किती छान झालंय हो हे,” ती म्हणाली आणि तिला स्वतःच्याच आवाजातला राग ऐकू आला.

त्यानंतर संध्याकाळी दोघंही ओट्यापाशी असायची. टोमॅटो घालायचे तर अंडी आधी तेलात अर्धीकच्ची परतून काढून ठेवायची, मग टोमॅटो शिजवून त्यात पुन्हा सोडायची. सूप करायचं तर उकळी मंदावू द्यायची आणि अंड्याची बारीक धार धरायची. ती घाई करू लागली की तो तिचं मनगट धरायचा. जमलं की मान डोलवायचा. खायची मात्र तीच. त्याच्या घशाखाली आता सूपही जेमतेम उतरत होतं. गाठ परत आली होती.

“बाबा जेवतात ना गं?” परगावी असलेली लेक फोनवर विचारायची.

“जेवतात की,” ती म्हणायची.

तो गेला तो हॉस्पिटलात, नाकात नळी असताना. हॉटेलातली सगळी मंडळी भेटायला आली. “काय हात होता वस्तादांचा! लोक लांबून यायचे,” मालक म्हणाले. ती मान हलवत राहिली. एवढी वर्षं सगळ्या गावाने त्याच्या हातचं गरम गरम खाल्लं आणि तिच्या वाट्याला आल्या शेवटच्या काही संध्याकाळी. हे बोलून दाखवावं असं कोणी समोर नव्हतं.

लेक परत जायच्या आदल्या दिवशी म्हणाली, “आई, बाबांनी शिकवलं ते मला दाखव ना.”

तिने अंडी फोडली, गाळली, वाफेवर ठेवली. वाटी बाहेर काढली तर वर बारीक बारीक भोकं.

“जमत होतं म्हणालीस ना?”

“ते शेजारी उभे असायचे गं तेव्हा.”

दोघींनी ती वाटी मीठ घालून संपवली. सकाळी लेकीला गाडीत बसवून ती तशीच कारखान्यात गेली. जाड पडद्यांचा गठ्ठा तिची वाट बघत होता. तिने वरचा पडदा ओढला आणि मशीन सुरू केलं.