देवासचा डबा

नाताळच्या चार दिवस आधी आमच्या सासूबाई पहाटे अंघोळ करून एक लुगडं धुवायच्या, ते अंगणातल्या उंच दोरीवर काठीने वाळत घालायच्या आणि सगळ्या घराला बजावायच्या, "ह्याला कोणी शिवायचं नाही." सोवळ्याचं लुगडं! आणि ते कुठे, तर धारच्या मिशनच्या आवारात, एका ख्रिस्ती बाईच्या अंगणात. लग्न होऊन मी नगरहून आले त्या पहिल्या डिसेंबरात मला ते पाहून हसू आलं होतं. मग त्या लुगडं नेसून चुलीपाशी बसल्या आणि मला म्हणाल्या, "रूथ, तू आत येऊ नकोस हो. तीन दिवस ओटीवरच बस." तेव्हा माझं हसू जे मावळलं ते पुन्हा काही उगवलं नाही.

माझे आजोबा महारवाड्यातून ख्रिस्ती झालेले. सासूबाई देवासच्या, टेकडीच्या पायथ्याशी राहणाऱ्या दरबारी कारकुनाच्या ब्राह्मण घरातल्या. माहेरचं नाव द्वारका. धारला दिलेल्या. नवऱ्याने बाप्तिस्मा घेतला तेव्हा तान्ह्या मुलाला, म्हणजे आमच्या ह्यांना, कडेवर घेऊन त्याही मागोमाग आल्या. देवासकरांनी त्यांच्या नावाने अंघोळ केली आणि मोकळे झाले. दोन वर्षांत नवरा पटकीने गेला. तरी बाई माघारी फिरली नाही. मिशनच्या जनाना दवाखान्यात दाईचं काम शिकली आणि मुलाला शिकवून मास्तर केलं.

त्यांची आई मात्र देवासला होती आणि त्या आईला खोबरं-खसखशीची करंजी फार आवडे. नाताळचा पहिला घाणा देवासचा. एक पितळी डबा भरून करंज्या, कडक सोवळ्यात केलेल्या, म्हणजे त्यांच्या भावाला, अण्णांना, नाव ठेवायला जागा उरू नये. त्या म्हणत, "मेलेल्याचा घास कावळ्याला ठेवतात. मी तर जिवंत आहे. माझ्या हातचा घास आईने का खाऊ नये? खोट काढायची तर माझ्यात काढा म्हणावं, माझ्या करंजीत काढून दाखवा!" आमचे हे डबा घेऊन दर वर्षी टांग्याने, गाडीने देवासला जात. अण्णा दाराशी येत, "ठेव तिथे" म्हणत. रिकामा डबा पुढे केव्हातरी कोणाबरोबर धुऊन परत येई. तो पाहून सासूबाईंचा चेहरा असा काही फुले की त्यांना काही बोलायची माझी जीभच रेटत नसे.

बाई वाईट असती तर बरं झालं असतं, मनातून काढून टाकलं असतं. पण वाईट नव्हती, हाच माझा जळफळाट. मी आले त्याच उन्हाळ्यात आमची विहीर आटली. गल्लीतल्या विहिरीवर गेले तर तिथल्या बायकांनी माझा दोर ओढून फेकला. सासूबाई दवाखान्यातून तशाच आल्या, पदर खोचला आणि विहिरीच्या काठावर चढून ओरडल्या, "तुमच्यातल्या किती जणींची बाळंतपणं ह्या हातांनी केली ते सांगू का एकेक? तेव्हा नाही का गं बाटलात? रूथ, दोर सोड. बघते कोण अडवतं ते!" मी पाणी भरून होईस्तोवर त्या काठावरून उतरल्या नाहीत. मला हिवताप आला तेव्हा पंधरा दिवस माझी घाण काढली त्यांनी. माझ्या ताटातलं उष्टंसुद्धा सहज तोंडात टाकायच्या.

त्यांचा रागही बघण्यासारखा असे. एकदा नव्या मडमीणबाईंनी फर्मान काढलं की नाताळला करंज्या, रांगोळ्या नकोत, हे मूर्तिपूजकांचं आहे, सर्वांनी केक करावा. सासूबाई भर सभेत उभ्या राहिल्या. "बाईसाहेब, येशू जन्मला तो गोठ्यात. बेथलेहेम काही विलायतेत नाही. तुमचा केक तुम्ही खा, आम्ही आनंदाने वाटून घेऊ. पण माझ्या दारातली रांगोळी पुसायची जिद्द केलीत, तर उद्यापासून बाळंतिणी तुमच्या तुम्ही सोडवा." रांगोळी राहिली. नाताळच्या पहाटे त्या रांगोळीवरून आमची मंडळी टाळमृदंग घेऊन भजनं गात निघायची आणि सर्वांत पुढे सासूबाई, सर्वांत उंच सूर लावून.

आणि हीच बाई मला ओटीवर बसवायची. नाताळच्या उपासनेत प्रभुभोजनाच्या एकाच प्याल्यातून आधी मी घोट घ्यायचा, मग तिने घ्यायचा, आणि तीन दिवस आधी माझी सावलीसुद्धा परातीवर पडायला नको! मी एकदा म्हणालेही, "आई, त्या प्याल्याला विटाळ होत नाही आणि करंजीला होतो?" त्या म्हणाल्या, "माझ्यासाठी नाही गं, तिच्यासाठी. मी धर्म बदलला, आई कुठून बदलून आणू?" मी ओटीवर बसून भाजी निवडत राहिले. भाजीची देठं त्या दिवशी फार बारीक मोडली मी.

पाचव्या की सहाव्या नाताळला तो प्रकार झाला. सासूबाई कढईपाशी होत्या. एकाएकी तेल उतू गेलं आणि चुलीतून जाळ वर उठला. त्यांच्या पदरापासून जाळ वीतभर राहिला असेल. मी धावत आत गेले, त्यांना मागे ओढलं, फडक्याने धरून कढई खाली उतरवली. माझा उजवा तळवा भाजला. त्यांनी आधी माझा हात पाण्यात बुडवला, मध लावला, चिंधी बांधली. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. आणि मग उठल्या, तळलेल्या, न तळलेल्या सगळ्या करंज्या, सारण, पीठ, सारं उचलून परसात नेऊन टाकलं. पुन्हा विहिरीवर गेल्या. पुन्हा अंघोळ केली.

मी ओरडले. शेजारपाजार गोळा होईतो ओरडले. "मी हात भाजून घेतला आणि तुम्ही माझ्यावरून अंघोळ करता?" त्या ओल्या केसांनी उभ्या होत्या. एवढंच म्हणाल्या, "ओरड. तुझा हक्कच आहे. पण डबा उद्या गेला पाहिजे." डबा दुसऱ्या दिवशी गेला. मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. ह्यांनी मध्ये पडून पाहिलं, तर मी ह्यांनाही झाडलं, कारण डबा पोचवणारे तेच होते.

त्यानंतरच्या भाद्रपदात निरोप आला, देवासची आजी फार आजारी आहे. सासूबाई, हे आणि मी निघालो. पोचलो तो आजी आदल्याच दिवशी गेलेली. अण्णांनी दार उघडलं, बहिणीकडे पाहिलं आणि "सुतक आहे" म्हणून दार लावून घेतलं. तिला आधीच मेली ठरवलेल्या माणसाने तिला सुतक सांगावं! आम्ही मागच्या बोळात उभे राहिलो. तिथे घरची जुनी भांडेवाली बसली होती, आजींचं शेवटपर्यंत सारं केलेली. तिने सासूबाईंना ओळखलं आणि रडायला लागली. "बई, माजी रोज केती थी, म्हारी द्वारका म्हके भूली गी. कदी याद नी करी."

"भूली गी? मी आईला विसरले?" सासूबाई म्हणाल्या. "अगं, दर नाताळला डबा येत होता ना? करंज्यांचा?"

म्हातारी म्हणाली, "वो डब्बो तो भियाजी सीधो गाय के आगे उलटी देता था. माजी के तो बतायो ज नी."

परतीच्या वाटेवर मला आजीला न दाखवताच डबा गाईपुढे उलटणाऱ्या अण्णांचा राग होता, ह्यांचा होता, दारातून आत एकदा तरी डोकावून पाहिलं नाही म्हणून. आणि खोटं कशाला बोलू, त्या रागात थोडं बरंही वाटत होतं. इतकी वर्षं एका गाईसाठी मला ओटीवर बसवलं होतं, हे आता त्यांना तरी कळलं, असं वाटत होतं.

डिसेंबर आला. सासूबाई नेहमीच्या साध्या लुगड्यात चुलीपाशी बसल्या. परातीत पीठ घेतलं. मी सवयीने सूप घेऊन ओटीवर निघाले तर आतून हाक आली, "रूथ, आत ये. सारण यंदा तू कर. माझ्या हाताला चव राहिली नाही."

मी दारात उभी राहिले. सहा वर्षं वाट पाहिलेली हाक होती ती. आणि मी म्हणाले, "आता खाणारं कोणी उरलं नाही म्हणून माझा विटाळ चालतो होय? ज्यांच्यासाठी मला बाहेर ठेवलंत, त्यांच्या गाईलाच बोलवा सारण करायला."

मडमीणबाईंना भर सभेत गप्प करणारी ती बाई मान खाली घालून पीठ मळत राहिली. एकटीनेच सगळ्या करंज्या केल्या, वेड्यावाकड्या झाल्या, दोन-चार तेलात फुटल्या. त्या वैशाखात, दवाखान्यातून कोणाची तरी पटकी घेऊन आल्या आणि दीड दिवसात गेल्या.

माझा राग खरा होता. आज मी सासू झाले, तरी तो खराच होता असं म्हणते, आणि देवासच्या त्या दाराला आजही तळतळून शिव्या देते. पण नाताळ जवळ आला, परातीत पीठ घेतलं, की माझा सगळा संताप माझ्यावरच उलटतो. त्या बाईच्या घासाला नाही म्हणणारे देवासला एक अण्णा होते. दुसरी मी निघाले.